सांधा तुटू न देता: रिबॉन्डिंगकडून कुरळ्या केसांकडे

एक केस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा आणि मुळापासून टोकाकडे चिमूट सरकवत न्या. सुरुवातीला बोटांना बारीक चढउतार लागतात, केस चिमटीत किंचित वळवळतो. मग एकाएकी तो मासे पकडायच्या गळाच्या दोरीसारखा गुळगुळीत होतो. हा बदल होतो तिथे सांधा असतो. वरचा केस तुमचा, खालचा पार्लरचा, रिबॉन्डिंगने सरळ केलेला. सगळे एकदम न कापता हळूहळू कुरळ्या केसांकडे यायचे असेल तर दीड-दोन वर्षे या सांध्याचीच चाकरी करावी लागते. शाम्पू कुठला, जेल कुठली हे प्रश्न त्यानंतरचे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. सरळ झालेला भाग परत कुरळा होत नाही, कशानेही नाही. केसातल्या केरॅटिन या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि केसाचा वळसा त्या बंधांमुळे टिकतो. रिबॉन्डिंग-स्मूदनिंगमध्ये पहिले क्रीम (बहुतेकदा अमोनियम थायोग्लायकोलेट) हे बंध तोडते, गरम इस्त्री केस सरळ करते आणि दुसरे क्रीम, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचा न्यूट्रलायझर, त्याच सरळ अवस्थेत बंध पुन्हा जुळवतो. केस ही मेलेली वस्तू आहे. एकदा जुळलेले बंध तेलाने, मेथीने किंवा कांद्याच्या रसाने पूर्ववत होणार नाहीत. नवा केस मुळातून येईल तोच कुरळा.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांनी ‘ट्रान्झिशन’ (हळूहळू कुरळ्या केसांकडे येणे) आणि ‘बिग चॉप’ (सरळ भाग एकदम कापून टाकणे) हे शब्द रूढ केले ते मात्र वेगळ्या रसायनासंदर्भात. तिथला रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारे क्रीम, सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या तीव्र अल्कलीचा असतो. तो बंधातला गंधकाचा एक अणूच काढून टाकतो. थायोवाले आणि हायड्रॉक्साइडवाले क्रीम एकाच केसावर पडले तर केस जेलीसारखे होऊन हातात येतात. परदेशातून नातेवाइकांनी आणलेला रिलॅक्सरचा डबा घरी असेल तर रिबॉन्डिंगच्या केसांना तो लावून बघण्याचा मोह आवरावा. केरॅटिन ट्रीटमेंट हा तिसरा प्रकार. ती काही महिन्यांत उतरते असे सांगतात आणि वरचा लेप उतरतोही. पण लेप बसवताना २१० ते २३० अंशांची इस्त्री पाच-सहा वेळा फिरलेली असते. त्या उष्णतेने मोडलेला वळसा लेप उतरल्यावरही परत येत नाही. म्हणून ‘केरॅटिन करून घ्या, सांधा दिसणार नाही’ हा पार्लरचा सल्ला मानू नये. सांधा दिसेनासा होतो हे खरे, पण त्याबरोबर नवा वळसाही जातो. शिवाय फॉर्मॅल्डिहाइड नको म्हणून आलेल्या ग्लायॉक्झिलिक ॲसिडच्या ट्रीटमेंटनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत.

आता हिशेब. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंमी वाढतो. माझा वेग १.२ निघाला. तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उजव्या कानामागची एकच बट ताणून, शिवणकामाच्या टेपने मोजलेला आहे. शेवटच्या टच-अपच्या (नव्या मुळांना पुन्हा क्रीम लावून सरळ करण्याच्या) वेळी लांबी होती ५० सेंमी. दर दोन महिन्यांनी ४ सेंमी कापायचे ठरवले. १८ महिन्यांत ९ वेळा म्हणजे ३६ सेंमी गेले, नवे आले २१-२२ सेंमी. शेवटी सरळ भाग उरला १४ सेंमी, तो एका बैठकीत कापला. एकूण लांबी दर महिन्याला फक्त पाऊण-एक सेंमीने घटत होती, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही येत नव्हते. ४ ऐवजी २ सेंमी कापले तर लांबी वाढल्यासारखी दिसते, पण सरळ भागाचे ओझे वर्षभर सांध्याला लटकत राहते आणि कात्रीने न गेलेले केस शेवटी तुटून जातात. कुरळे केस आक्रसतात हेही हिशेबात धरावे. ताणून २१ सेंमी भरणारी बट सुकल्यावर १३ सेंमीच दिसते. पहिल्या वर्षी ‘केस वाढतच नाहीत’ ही जी तक्रार असते ती बहुतेक वेळा या आक्रसण्याची असते.

सर्वात कठीण काळ चौथ्या ते आठव्या महिन्याचा. त्याआधी नवा केस एवढा आखूड असतो की सांधा टाळूजवळ दडलेला असतो. त्यानंतर सरळ भाग बराच कापलेला असतो. मधल्या काळात सांधा मात्र कंगव्याच्या, रबरबँडच्या, उशीच्या सगळ्यांच्या तोंडी येतो. आमच्या गोव्यात हा काळ कुठल्या ऋतूत पडतो त्यावर खूप काही ठरते. लग्नसराईसाठी डिसेंबरात टच-अप करून मग थांबले तर हे महिने एप्रिल ते ऑगस्ट येतात. आधी घाम, मग पाऊस, केस सुकायचे नाव नाही. माझे असेच झाले. शेवटचा टच-अप मे-जूनचा असेल तर हाच काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी येतो आणि निम्मे काम सोपे होते. मुहूर्त हातात असेल तर असा निवडावा.

सांध्याची तब्येत कळायला गळलेले केस वाचता आले पाहिजेत. न्हाणीतल्या जाळीवरचे आणि कंगव्यातले केस गोळा करून पांढऱ्या कागदावर पसरायचे. एका टोकाला पांढरा बारीक गाठीसारखा भाग असेल, तिथून थोडे अंतर वळसा आणि पुढे सरळ, तर तो मुळासकट आलेला, आयुष्य संपलेला केस. असे रोज ५० ते १०० जातातच आणि तीन-चार दिवसांनी नहाल तर त्या सगळ्या दिवसांचे एकदम दिसतात. गाठ नाही आणि तुकडा संपूर्ण सरळ, लांबी जवळजवळ तुमच्या सरळ भागाएवढी, तर तो सांध्यावर तुटला. असे आठवड्याला पाच-सहा दिसले तर विंचरण्यात चूक आहे. त्याहून जास्त असतील तर पुढची कात्री लवकर लावावी. गाठ नसलेले दोन-तीन सेंमीचे सरळ तुकडे म्हणजे टोके फाटून गळतात, त्यावर कापणे हाच उपाय. आणि गाठीवाले केसच मूठभर येऊ लागले तर दोन-तीन महिने मागे जाऊन आठवा: डेंग्यूसारखा ताप, बाळंतपण, कडक डाएट. ती गळ वेगळी. तिचे काम त्वचारोगतज्ज्ञाकडे, पार्लरकडे नाही.

दुसरी परीक्षा ओल्या केसाची. गळलेला एक ओला केस दोन्ही हातांनी हळू ताणायचा. थोडा लांबून परत जागेवर आला तर ठीक. च्युइंगगमसारखा लांबतच गेला आणि मग तुटला तर आतली प्रथिने गेलेली आहेत. न ताणताच कट्कन तुटला तर ओलावा कमी किंवा प्रथिनांचा मारा जास्त झालेला. लांबत जाणाऱ्या केसासाठी महिन्यातून एकदा हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तुकडे केलेल्या, केरॅटिनचा किंवा गव्हाच्या प्रथिनांचा मास्क, १० ते १५ मिनिटे, त्याहून जास्त नाही. कट्कन तुटणाऱ्यासाठी साधे जाड कंडिशनर टोपीखाली २० मिनिटे. कच्चे अंडे इथे कामाचे नाही, कारण अंड्यातले प्रथिन अखंड आणि एवढे मोठे असते की केसाच्या आत शिरत नाही. वर गरम पाण्याने धुतले तर ते केसांतच शिजते, मग अर्धा दिवस कण वेचत बसा. नारळाच्या रसाचेही तसेच. तो हुमणात (माशांच्या आमटीत) घातलेला बरा.

खोबरेल तेलाला मात्र आधार आहे. २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याने केसातून निघून जाणारी प्रथिने त्या तिन्हींपैकी फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाली. कारण त्यातले लॉरिक ॲसिडचे रेणू लहान आणि सरळ असल्याने केसात शिरतात. म्हणून तेल नहाण्याआधी लावायचे, नंतर नाही. ३५-४० सेंमी केसांना घाण्याचे ५ ते ८ मिली, म्हणजे दीड चमचा तेल पुरते. सांध्यापासून खाली, दोन तास. टाळूला चोपडायचे नाही, निदान जून ते सप्टेंबर तरी नाही. दमट टाळूवर कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते. कोंडा धरलाच तर २ टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूवर ३ ते ५ मिनिटे ठेवून, सुमारे महिनाभर. हा शाम्पू लांबीवर चोळू नये, तो सरळ भागाला कोरडा पाडतो.

नहाण्याची पद्धत एकदा हाताला बसली की पाऊण तास लागतो. केसांचे सहा भाग करून प्रत्येकाला सैल पीळ घालायचा आणि शाम्पू फक्त टाळूला लावायचा. केस डोक्यावर गोळा करून चोळण्याची सवय मोडावी लागते, कारण सांध्यावर गुंता तिथेच होतो. मग कंडिशनर, सगळ्या केसांना मिळून २५ ते ३० मिली. हा आकडा बायकांना उधळपट्टी वाटतो. पण गुंता सुटतो तो कंडिशनरच्या निसरडेपणाने, कंगव्याच्या जोराने नाही. एक भाग मोकळा करा. डाव्या हाताने सांध्याच्या जरा खाली मूठ आवळून धरा. उजव्या हाताने रुंद दातांचा कंगवा शेवटच्या ५ सेंमीवर फिरवा, मग त्याच्या वरच्या ५ वर. ओढ मुठीला बसते, सांध्यापर्यंत पोचत नाही. सांध्याच्या वर कंगवा नकोच, तिथे बोटे. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणतो आणि लवकर तुटतो. तरीही कुरळे केस ओलेच, पण कंडिशनर लावलेलेच विंचरायचे. कोरडे विंचरले की वळसा फिसकटतो आणि सांधा तडकतो. केस टिपायला जाड टर्किश टॉवेल नको. आजोबांचा पंचा सर्वांत उत्तम. केस त्यात घेऊन दाबायचे, पिळायचे नाहीत.

पाण्याबद्दल थोडे. देशावरून आलेल्या मैत्रिणी जड पाण्याची धास्ती घेऊन येतात. इथे ती तेवढी नाही. ओपा, अस्नोडा, साळावली ही नळयोजनांची पाणी नदी-धरणाची, मऊ. जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणीही सहसा मऊ असते, पण त्यात लोह असू शकते. बादलीच्या आतून तांबूस कड धरत असेल तर तेच केसांवरही बसते. केस खरखरीत होतात आणि कंडिशनर लावूनही ओले लागत नाहीत. त्यावर ईडीटीए (लोह धरून धुऊन नेणारा घटक) असलेला शाम्पू महिन्यातून एकदा, लगेच वर मास्क. किनाऱ्यालगतच्या बोअरवेलचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ लागू लागले की शेवटची बादली तरी नळाच्या पाण्याची ठेवावी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माडाच्या सुरेचे व्हिनेगर मिळते. अर्ध्या लिटर पाण्यात एक छोटा चमचा, गाळून, शेवटून दुसऱ्या पाण्यात. केसाचे वरचे खवले बसतात आणि चमक येते. चमच्याचा पेला झाला की टाळू चुरचुरते. खाण्याच्या सोड्याने केस धुण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो अल्कली आहे आणि रिबॉन्डिंगच्या क्रीमने फुगवलेले खवले आणखी उघडतो.

जेलसाठी अळशी पुरते, निदान नोव्हेंबर ते मे. दोन मोठे चमचे अळशी, दोन कप पाणी, मंद आच, सतत ढवळत ८ ते १० मिनिटे. चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबली की गॅस बंद आणि तसेच गरम, जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळायचे. ‘निवल्यावर गाळू’ म्हटले की संपले. ते बियांना असे चिकटते की पिळून हात दुखतात आणि निघते चमचाभर. तार यायच्या आधी उतरवले तर नुसते गढूळ पाणी, १२ मिनिटे गेली तर लापशी. लापशी झाली तर अर्धा कप उकळते पाणी घालून लगेच गाळावी. फ्रिजमध्ये सात दिवस टिकते. बाहेर एक रात्र राहिले तर सकाळी आंबूस वास येतो, मग टाकूनच द्यायचे. एका वेळी दोन मोठे चमचे, पाणी गळत असलेल्या केसांना लावायचे आणि तळव्यांत घेऊन वर चुरगळायचे. सुकताना केस पापडासारखे कडक होतात. पूर्ण सुकेपर्यंत हात लावू नये. मग तेलाचे दोन थेंब तळहाताला चोळून चुरगळले की कडकपणा मोडतो. पांढरे कण पडत असतील तर तुमचे कंडिशनर आणि जेल यांचे जमत नाही. दोन्ही तळहातावर एकत्र चोळून बघा, दह्यासारखे फाटले तर एक बदला.

पावसात अळशीचा काही उपयोग नाही. पणजीत वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. अळशी आणि ग्लिसरीन दोन्ही हवेतला ओलावा ओढतात. डिसेंबरच्या सकाळी ते चांगले, जुलैत केस दुपारपर्यंत फुगून सांध्याच्या वर छत्री आणि खाली शेपट्या असा थाट होतो. त्या चार महिन्यांसाठी बाटलीच्या मागची घटकांची यादी वाचावी. पहिल्या पाचांत ग्लिसरीन नको, व्हीपी/व्हीए कोपॉलिमरसारखे केसांवर थर धरणारे काहीतरी हवे. केस ओले ठेवून झोपायचे नाही. डिफ्यूजर (ड्रायरला लावायचे, वारा पसरवणारे तोंड) असेल तर मंद उष्णता, मंद वारा, टाळूपासून सुरुवात. नसेल तर पंख्याखाली बसायचे आणि नहाण्याची वेळ सकाळची ठेवायची.

वर वळसे आणि खाली काड्या हे दृश्य लपवायचे तर सरळ भागाला उसना वळसा द्यावा लागतो, तोही इस्त्रीशिवाय. जुन्या सुती साडीच्या अडीच सेंमी रुंद, २० सेंमी लांब चिंध्या फाडा, १४ ते १६ पुरतात. केस ८० टक्के सुकलेले असताना थोडी जेल लावून टोकापासून गुंडाळत फक्त सांध्यापर्यंत यायचे आणि गाठ मारायची. सांध्याच्या वर गुंडाळी गेली तर नव्या केसाला ताण बसतो. गुंडाळी किती जाड असावी हे तुमचा नवा वळसा सांगतो. तो पेन्सिलीवर बसतो की मार्करवर, ते पाहून त्याच जाडीची गुंडाळी करा, नाहीतर दोन वेगळ्या डोक्यांचे केस जोडल्यासारखे दिसते. घाईच्या दिवशी दोन पेडींचा पीळ किंवा तिपेडी वेणी रात्री घालून सकाळी सोडली तरी भागते.

अंबाडा रोज एकाच जागी नको. रबरबँड नेमका सांध्यावर बसतो आणि महिन्याभरात तिथे एक गोल पट्टा विरळ होतो. कापडी स्क्रंची आणि आकडे वापरावेत, एक दिवस वर, एक दिवस मानेशी. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, अबोलीची फाती (गजरा) माळायची तर ती आकड्यांनी अंबाड्याला टाचावी, केसांच्या बटेला बांधू नये. एक गंमत सांगते: स्मूदनिंगच्या केसांवरून फाती घसरून आरतीपर्यंत मानेवर यायची, कुरळ्या केसांत ती बसली की हलत नाही.

हेल्मेटला पर्याय नाही, पण त्याच्या अस्तराने टाळूचा मध्य आणि मानेवरचे केस घासले जातात. ५० बाय ५० सेंमीचा सॅटिनचा रुमाल आत बांधावा आणि अस्तर पंधरवड्याला धुवावे. ओल्या केसांवर हेल्मेट घालून पर्वरी ते पणजी गेलात तर पोचेपर्यंत दुर्गंधी आणि गुंता दोन्ही तयार. समुद्रात जाण्यापूर्वी केस गोड्या पाण्याने चिंब करून कंडिशनर लावून वेणी घालावी. आधीच पाणी प्यालेला केस खारे पाणी कमी घेतो. पोहण्याच्या तलावालाही हेच.

शेवटची कात्री केस कोरडे, नैसर्गिक वळशात असतानाच लावून घ्या. ओले केस ताणून सरळ रेषेत कापले तर सुकल्यावर वरखाली होतात. बसण्यापूर्वी विचारायचे: धुऊन कापणार का, थिनिंगची कात्री किंवा रेझर वापरणार का? दोन्हींना नाही असे उत्तर हवे. कापायचे सांध्यावर नाही, त्याच्या एक सेंमी वर. प्रत्येक टच-अपला क्रीम थोडे वर सरकलेले असते आणि तो पट्टा अर्धवट सरळ, सर्वांत नाजूक असतो. एक सेंमीचा मोह केला की सहा महिने टोके विस्कटलेली राहतात. पार्लरमध्ये ‘आता मुळांना थोडे स्मूदनिंग करून शेप देऊ’ असे म्हटले जाईल, तेव्हा उठून यावे.

घरी येऊन पहिल्यांदा नहाल तेव्हा कंडिशनर निम्म्यावर आणा, १२ ते १५ मिली. जुन्या सवयीने तेवढेच ओतले तर केस दिवसभर ओलसर आणि चपटे राहतात. मग आरशाकडे पाठ करून हातात छोटा आरसा धरा आणि ओल्या मानेवरचे केस तपासा. तिथल्या दोन-चार बटा कापणाऱ्याच्या नजरेतून सुटतातच. सगळे वळसे वर आक्रसले तरी त्या दोरीसारख्या खाली लोंबत राहतात. त्याच कापा.